प्रत्येक लादीचे तीन नमुने

विनायक टिपणीस बाजारातून भाजी घेऊन आले की चपला काढायच्या आधी भाजी तोलत. दाराच्या मागे खिळ्याला त्यांचा स्वतःचा तराजू टांगलेला असे. वजनं मात्र कपाटात, कुलपात. उघड्यावर ठेवलेलं वजन कोणी घासून हलकं केलं तर काय घ्या? अर्धा किलो भेंडीत दोन भेंड्या कमी भरल्या की ते आल्या पावली परत जात आणि दोन भेंड्या घेऊनच येत. पुढे पुढे पनवेलच्या भाजीवाल्यांनी कंटाळून त्यांना आपणहून दोन भेंड्या जास्त टाकायला सुरुवात केली. त्यावर टिपणिसांना आठवडाभर चैन पडलं नाही. दोन भेंड्या फुकट देणारी बाई दुसरीकडे कुठेतरी चार भेंड्या मारत असणार, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त कुठे, ते सापडत नव्हतं.

अशा माणसानं मेणबत्त्यांच्या धंद्यात पडू नये. पण धंदा त्यांनी काढलेला नव्हता. तो काढला वसुंधराबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, शाळेत भरलेल्या महिलांच्या वर्गात आठ दिवस शिकून. मागच्या पडवीत दोन स्टोव्ह, एक मोठं पातेलं, त्याच्या पोटात दुसरं पातेलं, दोन साचे आणि हाताखाली साळू, एवढाच कारखाना. पनवेलची वीज दिवसातून दोनदा जायची, त्यामुळे माल खपवायला कुठे हिंडावं लागत नसे. टिपणीस कचेरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता हिशेबाकडे आणि एकंदर सावधगिरीकडे आपण बघू. वसुंधराबाई म्हणाल्या, बरं. तीस वर्षं संसार केलेल्या बाईचं 'बरं' म्हणजे होकार असेलच असं नाही, पण टिपणिसांनी तो होकार धरला आणि पडवीच्या दारात खुर्ची टाकली.

साळू कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. पूर्वी ती डोक्यावर टोपली घेऊन आळीत यायची. टोपलीत मध, करवंदं आणि पानात गुंडाळलेलं पोळ्याचं मेण. आळीतल्या बायका ते कुंकवासाठी घ्यायच्या. कपाळावर आधी बोटानं मेण लावायचं, मग त्यावर कोरडं कुंकू टेकवायचं, म्हणजे ते दिवसभर हलत नाही. मग बाजारात चिकटवायच्या टिकल्या आल्या, आणि शेजारच्या गुणाबाईंसारख्या साठी उलटलेल्या बाईनंसुद्धा साळूला सांगितलं की बाई, आता मेण आणू नकोस. तेव्हा टोपली बाजूला ठेवून साळू वसुंधराबाईंकडे साचे भरायला यायला लागली. तिच्याबद्दल टिपणिसांची तक्रार एकच होती, ती फार कमी बोलते. कमी बोलणारा माणूस मनात काहीतरी मोजत असतो, हा अनुभव त्यांना स्वतःवरूनच आलेला होता.

नव्वद सालच्या श्रावणात आखातात लढाईची चिन्हं दिसायला लागली आणि तेल भडकलं. मेण तेलातूनच निघतं, हे टिपणिसांना तेव्हा कळलं. मशीद बंदरचा व्यापारी दर सोमवारी नवा भाव सांगायचा आणि दर सोमवारी तो भाव ऐकून टिपणीस हातातला फोन झटकून बघायचे. लढाई आखातात आहे, मेण भिवंडीच्या गोदामात आहे, तर त्या मेणाला तिकडची बातमी इतक्या लवकर कळते कशी, असं त्यांनी त्या व्यापाऱ्याला एकदा स्पष्ट विचारलं. त्यानं दुसऱ्या सोमवारपासून भाव सांगायचंच बंद केलं. माल नाही, एवढं सांगून फोन ठेवायला लागला.

आता वाट एकच राहिली, सरकारी कोटा. लहान कारखान्यांना महामंडळाकडून ठरलेल्या भावात दरमहा मेण मिळतं, ही बातमी आणली शेजारच्या भगवान म्हात्रेनं. भगवानची भातशेती नव्या शहरात गेली होती, तिच्या पैशांवर त्यानं टिपणिसांच्या कुंपणाला लागून दुमजली इमारत उठवली होती, आणि आता दिवसभर गच्चीत उभा राहून तो आळीला सल्ले देत असे. बातमीच्या पाठोपाठ त्यानं कुंपणावरून सल्लाही दिला.

"टिपणीस, कोटा मिलाला ना, मंग मेनबत्त्या नका करू. कशाला जीव जालताव? लाद्या हायत तशा मुंबैला नेऊन इकायच्या. समदे तेच करतान."

टिपणिसांनी त्याला सुनावलं की आपण असल्या काळ्या धंद्यात नाही. पण त्यांच्या मनात वेगळंच आलं. हा माणूस आपल्याला काळा बाजार शिकवतोय तो आपल्या भल्यासाठी, की आपण पकडले जावं आणि ही जागा त्याला मिळावी म्हणून?

कोट्याच्या अर्जासाठी टिपणीस अलिबागला चार वेळा जाऊन आले. पहिल्या खेपेला अर्ज परत आला, कारण 'धुराड्याची उंची' हा रकाना त्यांनी कोरा सोडला होता. दुसऱ्या खेपेला त्यांनी 'धुराडे नाही' असं लिहिलं, तर 'नसल्यास कारण द्यावे' असा शेरा आला. तिसऱ्या खेपेला कारण म्हणून 'स्टोव्ह रॉकेलचा आहे' असं लिहिलं, तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं की रॉकेलच्या साठ्याचा परवाना कुठे आहे? कारखाना चालवायला शेजाऱ्याची हरकत नाही, असं त्याच्या सहीचं पत्रही लागत होतं. त्यासाठी टिपणीस नाइलाजानं भगवानकडे गेले. भगवाननं कागद न वाचताच सही ठोकली आणि वर सरबत पाजलं. टिपणीस घरी येऊन तो कागद उजेडाकडे धरून किती तरी वेळ बघत होते. न वाचता सही करतो म्हणजे त्यात काय लिहिलंय ते त्याला आधीच ठाऊक असणार.

गणपती उरकल्यावर एकदाचा कोटा मंजूर झाला. महिन्याला दोन पोती, दर पोत्यात मेणाच्या दहा चौकोनी लाद्या. मंजुरीच्या पत्रात खाली एक अट होती, आणि टिपणिसांनी ती लाल शाईनं अधोरेखित केली. उचललेलं मेण आणि तयार झालेल्या मेणबत्त्या यांचं वजन नोंदवहीत जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर मेण काळ्या बाजारात गेलं असं धरून कोटा कायमचा बंद होईल. बाहेर मेण दुप्पट भावानंही मिळत नव्हतं, तेव्हा कोटा बंद म्हणजे वसुंधराबाईंची पडवी बंद, आणि साळूची रोजीही बंद. ती अट टिपणिसांनी दोघींना खुर्चीत बसून मोठ्यानं वाचून दाखवली. वाचताना त्यांची नजर कागदावर कमी आणि साळूवर जास्त होती.

पहिला टेम्पो आला त्याच दिवशी त्यांनी आपली पद्धत घालून दिली. प्रत्येक लादीचे तीन नमुने. लादी टेम्पोतून उतरली की तिच्या कोपऱ्याचा लिंबाएवढा तुकडा कापायचा, कारण महामंडळानं भेसळीचं मेण दिलं तर पुरावा हवा. लादी कोठीत आठ दिवस राहिली की दुसरा तुकडा, कारण मधल्या मधे कोणी लादी बदलली तर ते कळायला हवं. आणि लादी पातेल्यात जायच्या आधी तिसरा तुकडा, कारण कोठीपासून पडवीपर्यंत वीस पावलं होती आणि वीस पावलांत काय वाटेल ते होऊ शकतं. प्रत्येक तुकडा वर्तमानपत्राच्या कागदात बांधायचा, वर तारीख आणि लादीचा क्रमांक घालायचा आणि पुडी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायची. हे तुकडे हिशेबात कुठे धरायचे, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवला नाही. नमुना म्हणजे पुरावा. पुरावा हा माल नसतो, हे त्यांनी कचेरीत जन्मभर पाहिलेलं होतं.

महिनाअखेर वजन केलं तर मेण सव्वा किलोच्या वर कमी भरलं.

टिपणिसांच्या चेहऱ्यावर त्या संध्याकाळी एक समाधान होतं. आपण इतकी वर्षं उगाच संशय घेत नव्हतो, हे शेवटी सिद्ध झालं होतं. त्यांनी नोंदवहीत लाल शाईनं शेऱ्याचा नवा रकाना आखला आणि तपास सुरू केला. वसुंधराबाईंनी शांतपणे सांगितलं की थोडं मेण साच्याला चिकटतं, थोडं उडतं. टिपणिसांनी विचारलं, सव्वा किलो मेण उडून कुठे गेलं ते दाखव. त्या म्हणाल्या की तुम्ही ते तुकडे कापता, त्यांचं काय? ते म्हणाले की पुराव्याबद्दल पडवीत चर्चा नको. मग ते साळूकडे वळले आणि सांगून टाकलं की पुढच्या महिन्यात वजन कमी भरलं तर तिनं कामावर येऊ नये. साळू साच्यात सूत ओवत होती. तिनं मान वर केली, टिपणिसांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या सुरीकडे पाहिलं आणि पुन्हा सूत ओवायला लागली. वसुंधराबाई त्या दिवशी टिपणिसांशी बोलल्या नाहीत. टिपणिसांनी शेऱ्यात त्याचीही नोंद घेतली.

चोर पकडण्यासाठी त्यांनी कोठीच्या जमिनीवर तांदळाचं पीठ भुरभुरवलं. सकाळी बघतात तो पिठात अनवाणी पावलं उमटलेली, थेट लाद्यांपर्यंत गेलेली आणि परत आलेली. टिपणिसांनी वसुंधराबाईंना पीठ लावलेल्या पाटावर उभं केलं. साळूलाही केलं. मग भगवानला चहाला बोलावलं आणि जमीन नुकतीच सारवलीय अशी थाप मारून त्याला चपला काढायला लावल्या. भगवानची पावलं त्या ठशाच्या दीडपट निघाली. शेवटी वसुंधराबाईंनी टिपणिसांना पाटावर उभं राहायला सांगितलं. ठसे तंतोतंत जुळले. ठसे उमटलेत का हे बघायला टिपणीस पहाटे स्वतःच आत जाऊन आले होते आणि विसरले होते. एवढं होईतो पिठाला मुंग्या लागल्या, त्या चार दिवस हटल्या नाहीत.

पुढच्या महिन्यात वजन जुळलं. अगदी तोळ्यातोळ्यानं जुळलं.

वजन कमी भरलं तर संशयी माणसाला त्रास होतो, पण बरोबर भरलं तर त्याला जेवण जात नाही. टिपणिसांनी चारदा तोललं. वजनं बदलून तोललं. सोनाराकडून वजनं तपासून आणून तोललं. बरोबर. गेल्या महिन्यात चोरी करणाऱ्यानं या महिन्यात का केली नाही? त्याला सावध कोणी केलं? त्यापुढचा महिनाही बरोबर भरला, त्यापुढचाही, आणि टिपणीस अर्ध्यानं वाळले.

मग त्यांना वास आला. महिन्याच्या शेवटच्या पातेल्यातल्या मेणबत्त्या जरा पिवळट असत, आणि पेटवल्या की त्यांना एक गोडसर, उग्र वास येई. बाकीच्या मेणबत्त्या पांढऱ्याफेक, बिनवासाच्या. गिऱ्हाइकं तर या पिवळ्या मेणबत्त्या मागून नेत. ठिबकत नाहीत, जास्त वेळ जळतात म्हणून. गिऱ्हाईक खूश आहे हे ऐकून टिपणिसांची उरलीसुरली शंकाही गेली. भेसळ. महामंडळानंच दर महिन्याला शेवटच्या लादीत कसलं तरी हलकं मेण खपवायला सुरुवात केलेली दिसते.

त्यांनी महामंडळाला तीन पानी तक्रार लिहिली. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र लिहिलं. आणखी पंधरा दिवसांनी दुसरं स्मरणपत्र लिहिलं आणि त्यात 'योग्य त्या अधिकाऱ्यांनी समक्ष येऊन पाहणी करावी' असं आव्हान दिलं. वसुंधराबाईंनी विचारलं, सगळं बरोबर चाललंय तर सरकारी माणसाला घरी कशाला बोलावता? टिपणीस म्हणाले, बरोबर चाललंय म्हणूनच.

संक्रांत झाल्यावर एका मंगळवारी सकाळी पाहणीसाठी सुनंदा राजवाडे नावाच्या निरीक्षक बाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, हातात फुगलेली पिशवी आणि कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. टिकली नव्हे, कुंकू. अधिकारी बाई निघाली म्हणून टिपणीस आधी जरा खट्टू झाले. मग त्यांनी बाईंचं ओळखपत्र मागून घेतलं, फोटो चेहऱ्याशी ताडून बघितला आणि मगच खुर्ची दिली. बाईंना पाहणीसाठी शेजारचा पंच हवा होता. भगवान गच्चीतून हे सगळं बघतच होता, तो न बोलावता खाली आला.

राजवाडेबाईंनी तीन तास तपासलं. पोत्यांच्या पावत्या बघितल्या, विक्रीची पुस्तकं बघितली, मेणबत्त्यांचे शिल्लक पुडे तोलले, साच्यांची मापं घेतली. पहिल्या महिन्याची तूट त्यांनी नवखेपणाची म्हणून सोडून दिली, बाकी सगळं जुळत होतं. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या की सोळा वर्षांच्या नोकरीत इतका तंतोतंत हिशेब आपण पहिल्यांदा पाहतोय, कोट्याला काही धोका नाही. वसुंधराबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. पातेल्याशी बसलेल्या साळूचा हात पुन्हा चालायला लागला. इथे कोणी शहाणा माणूस असता तर त्यानं बाईंना चहा देऊन रिक्षात बसवलं असतं.

टिपणीस म्हणाले, "थांबा. आपण अजून पुरावा पाहिलेला नाही."

आणि त्यांनी पलंगाखालून पेटी ओढून आणली. कुलूप काढलं, झाकण उघडलं. आत शेकडो पुड्या, क्रमांकवार, तारीखवार, दर महिन्याची चळत वेगळी. टिपणिसांनी बाईंना पद्धत समजावून सांगितली. पहिला नमुना, दुसरा नमुना, तिसरा नमुना. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, कारण या कामाची कदर करणारं माणूस त्यांना आयुष्यात प्रथमच भेटलं होतं. राजवाडेबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेटीतलं मेण तोलायला सांगितलं. टिपणिसांनी उत्साहानं कुलपातली वजनं आणली. मेण सात किलोच्या आसपास भरलं.

राजवाडेबाईंनी चष्मा पुन्हा लावला.

"टिपणीस, तुम्ही जेवढं मेण उचललंत तेवढ्या वजनाच्या मेणबत्त्या तुम्ही केल्यात. बरोबर?"

"तंतोतंत."

"मग हे सात किलो कुठून आलं?"

टिपणिसांनी तराजूकडे पुन्हा वाकून बघितलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या सावकाश बोलायला लागल्या. बोलणं सौम्य होतं, पण त्यातला एकेक शब्द पडवीत दगडासारखा पडत होता. ज्याच्याकडे हिशेबापेक्षा जास्त मेण सापडतं त्यानं ते बाहेरून चोरटं घेतलेलं असतं, किंवा त्याची नोंदवही खोटी असते. दोन्ही वेळा कोटा रद्द. नोंदवही चाळता चाळता त्या लाल शाईच्या रकान्यापाशी थांबल्या, आणि पंचाला समजावं म्हणून त्यांनी त्यातले शेरे मोठ्यानं वाचले. "संशय: साळू. संशय: उंदीर. संशय: भ. म्हात्रे, कारण सरबत दिले. संशय: साळू, बोलत नाही. संशय: वसुंधरा, अर्धा."

"अर्धा का?" वसुंधराबाईंनी विचारलं.

टिपणिसांना त्या क्षणी पनवेलमध्ये राहायची लाज वाटली. भगवान म्हात्रे, ज्याच्या तोंडाला आळीत कोणी कधी आवर घालू शकलं नव्हतं, तोसुद्धा आपल्या पावलांकडे बघत उभा होता. बाईंनी एक पिवळी मेणबत्ती उचलली होती. तक्रार तिच्याबद्दल होती म्हणून त्यांनी ती नखानं खरवडली आणि नाकाशी नेली. मग आपल्या कपाळाकडे बोट नेलं आणि ते बोट हुंगलं.

"ही भेसळ नाही," त्या म्हणाल्या. "हे कुंकवाचं मेण आहे. पोळ्याचं. माझी आई कर्जतच्या बाजारातून आणायची, मी अजून आणते. हे तुमच्या मेणाहून महाग असतं. हे कोणी घातलं?"

टिपणीस पेटीकडे बघत होते, वसुंधराबाई पातेल्याकडे. शेवटी साळूनं हातातलं सूत खाली ठेवलं.

"मी घातलं," ती म्हणाली. "मालक दर लादीचा तुकडा कापीत. तीनदा कापीत. मी म्हनलं, मालकाला काय दुखनं असल, औशदाला मेन लागत असल. आन मग मालकच म्हनले, मेन कमी भरलं तं साळूचं काम बंद. आमच्या वाडीत टिकलीपायी बायांचं मेन पडून व्हतं. ते आनलं आन शेवटाला जेवढं कमी तेवढं तोलून घातलं."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?" टिपणिसांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता, पण फार लहान.

"काय सांगू? मालक तुमीच कापता, आसं सांगू? तुमी म्हनलं असतं, साळू माज्यावरच आळ घेती."

ते खरं होतं. टिपणिसांनी नेमकं तेच म्हटलं असतं, लाल शाईत. भाजीवाल्या, व्यापारी, महामंडळ, शेजारी, बायको, सगळ्यांच्या हातांवर त्यांनी नजर ठेवली होती, आणि सुरी सगळा वेळ त्यांच्या स्वतःच्या हातात होती. हे त्यांना कळलं आणि ते आपल्या खुर्चीत बसले. खुर्ची दारात होती, त्यामुळे वसुंधराबाईंना चहा आणायला आत जाता येईना. त्या म्हणाल्या, "सरका." ते सरकले.

राजवाडेबाईंनी पुड्यांवरच्या तारखा नोंदवहीशी ताडून पाहिल्या आणि मान डोलावली. पोळ्याचं मेण कोट्याच्या कायद्यात येत नाही, ते कोणी किती घालावं याला बंदी नाही. पेटीतलं मेण पुढच्या महिन्यात साच्यात गेलं पाहिजे. बाकी कोटा चालू राहील, फक्त कमी झालेल्या मेणाचा खुलासा टिपणिसांनी स्वतःच्या हस्ताक्षरात द्यावा. टिपणिसांनी दिला. 'मी, विनायक टिपणीस, लिहून देतो की, कोट्याच्या मेणातून वेळोवेळी जे मेण कमी झाले ते अन्य कोणीही नेले नसून मी स्वतःच कापले आहे. कापताना मला कोणीही भरीस पाडलेले नाही.' पंच म्हणून भगवाननं सही केली. या खेपेला त्यानं कागद वाचला, दोनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी साळू कामावर आली ती डोक्यावर जुनी टोपली घेऊन. टोपलीत तिचा बाजारातला तराजू होता, दांडीला दोरीनं बांधलेल्या दोन परड्या, आणि वजनाचे दोन-चार नदीतले गोटे. ती पडवीत बसली आणि म्हणाली, मालक, पेटी काढा. तिनं घातलेलं मेण वाडीतल्या बायांचं होतं, त्यांना परत द्यायचं होतं. किती घातलं ते कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मालकांनी जेवढं कापलं तेवढंच तिनं घातलं होतं, आणि ते पुड्यांत तारखेनिशी बांधलेलं होतं. पहिल्या महिन्याचं मेण तिचं नव्हतं, म्हणून ती चळत तिनं आधीच बाजूला काढून ठेवली. बदल्यात तिला मेणबत्त्या हव्या होत्या. वाडीत अजून वीज नव्हती.

"एकाला दोन," साळू म्हणाली. "आमचं मेन महाग. त्या बाईपन म्हनल्या."

टिपणीस तराजू आणायला उठले. साळूनं हातानंच त्यांना बसायला सांगितलं.

"तुमचा नको. माजा हाय."

तिच्या गोट्यांचं वजन कोणी तपासलं, कधी तपासलं, असं टिपणिसांच्या अगदी ओठांवर आलं होतं. वसुंधराबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी मेणबत्त्यांचा पुडा पुढे ओढला. एका वेळी पन्नास-साठ पुड्या एका परडीत पडत, दुसऱ्या परडीत मेणबत्त्या. साळू दांडी धरून एक डोळा मिटून बघत होती, आणि टिपणीस जमिनीवर मांडी घालून तिच्या परडीत मेणबत्त्या टाकत होते. एकदा पेटी तोलून झाली, मग ठरल्याप्रमाणे दुसऱ्यांदा. दांडी सरळ झाली. तेव्हा टिपणिसांना काहीतरी बोलावंसं वाटलं, पण माफी मागायची सवय नसल्यानं शब्द आले नाहीत. त्यांनी मेणबत्त्यांच्या पुड्यातून आणखी दोन मेणबत्त्या काढल्या आणि गुपचूप तिच्या परडीत ठेवल्या.

साळूनं दांडी खाली ठेवली. त्या दोन मेणबत्त्या उचलून तिनं उलटसुलट बघितल्या, वास घेतला, आणि टिपणिसांकडे रोखून पाहिलं.

"ह्या दोन जास्त कशापायी?"

साळूनं त्या दोन मेणबत्त्या पुसून परत त्यांच्या हातात दिल्या, मेणबत्त्यांनी भरलेली टोपली डोक्यावर ठेवून बघितली आणि मग ती खाली उतरवून साच्यात सूत ओवायला बसली.